पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा

एजंटचा मेसेज आला, ‘तुला पेन्सिल केलंय,’ तेव्हा मी डब्लिनमधल्या एका कॅफेच्या मागच्या खोलीत कप पुसत होते. अर्थ नीटसा कळला नव्हता, तरी आधी आईला फोन केला आणि मग पुण्यातल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. तुम्ही यातलं काहीही करू नका.

आयर्लंडमध्ये किंवा लंडनमध्ये नट व्हायचं ठरवलेल्यांना ड्रामा स्कूल, हेडशॉट म्हणजे चेहऱ्याचा फोटो, सेल्फ-टेपच्या (घरीच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनच्या) मागचं कापड हे सगळं ठाऊक असतंच. ॲबी आणि गेट ही डब्लिनची थिएटरं, अभिनय शिकवणारी लिर अकॅडमी, ही नावंही पाठ असतात. त्यात मी शिरत नाही. मी डेनिस गॉफ या आयरिश नटीबद्दल सांगते, कारण तिची गोष्ट नेहमी शेवटून सांगितली जाते.

क्लेअर परगण्यातल्या एनिस गावात वाढलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी घराबाहेर पडली. पुढे लंडनमध्ये अभिनय शिकून २००३ साली बाहेर पडली. समीक्षकांचा ‘सर्वांत आश्वासक नवोदित’ हा पुरस्कार तिला मिळाला २०१२ च्या कामासाठी. नऊ वर्षांनी नवोदित! इथवर ऐकून लोक हसतात. पुढचं मात्र कोणी नीट ऐकत नाही. त्या कौतुकानंतरही तिच्यावर वर्षभर घरी बसायची वेळ आली आणि अभिनय सोडून द्यायचा विचार पक्का होत आला. मग २०१५ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये ‘पीपल, प्लेसेस अँड थिंग्ज’ आलं. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या नटीची ती भूमिका, आणि त्यासाठी २०१६ चं ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचं मोठं पारितोषिक. ‘एंजल्स इन अमेरिका’ या नाटकातल्या हार्परसाठी २०१८ मध्ये दुसरं. ‘अँडॉर’ या मालिकेतली डेड्रा मीरो बघून जे तिला ओळखायला लागले, त्यांच्यासाठी ती २०२२ मध्ये जन्माला आली.

यावर आपल्याकडे लगेच म्हणतात, बघ, धीर धरला की मिळतं. मला याचा राग येतो. धीर धरूनही न मिळालेल्यांची मुलाखत कोण घेतं? मी तिच्याकडून एवढंच घेतलं की पुरस्कार मिळाल्यावरही कॅलेंडर कोरं राहू शकतं. तेव्हा कोऱ्या महिन्यांचं काय करायचं, हे आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं.

आता पेन्सिल. ऑडिशन आवडली की निर्मितीवाले तुमच्या एजंटला सांगतात, अमुक तारखा पेन्सिलीनं लिहून ठेवा. यात करार नसतो, पैसे नसतात आणि त्याच भूमिकेसाठी आणखी दोघींच्या तारखाही अडवलेल्या असू शकतात. ‘हेवी पेन्सिल’, म्हणजे जवळजवळ पक्कं, म्हणाले तरी ती पेन्सिलच. मुलीची पत्रिका मागून नेली म्हणजे साखरपुडा झाला का? तसंच हे. पण पुण्यात एकांकिकांच्या तालमी केलेल्या माझ्या डोक्यात ‘नाव घेतलं म्हणजे भूमिका दिली’ एवढंच होतं. दिलेला शब्द म्हणजे शब्द.

मला पेन्सिल लागली होती ते मालिकेचं काम तीन आठवड्यांचं होतं. त्याच सुमारास शाळाशाळांतून फिरणाऱ्या बालनाट्याचं काम आलं. सहा आठवडे, पगार ठरलेला. मी परस्पर नाही म्हणून टाकलं आणि एजंटला सांगितलंही नाही. कॅफेतही सांगून ठेवलं की ऑक्टोबरात मी नसेन. सतराव्या दिवशी मेसेज आला, ‘रिलीज्ड’. एकच शब्द, म्हणजे तारखा सोडल्या, काम नाही. माझ्या जागी कॅफेत मुलगी लागली होती, बालनाट्यातली भूमिकाही गेली होती. ऑक्टोबरचं भाडं नवऱ्यानं भरलं. तो काही बोलला नाही, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं.

आता हे नीट वाचा, हवं तर दोनदा वाचा. पेन्सिल लागलेली असताना दुसरं काम आलं, तर ते गप्प बसून नाकारायचं नसतं. एजंटला कळवायचं. एजंट त्यांना फोन करून विचारतो, हिला दुसरी ऑफर आहे, पक्कं करता की सोडता? पेन्सिल असते ती याचसाठी. आम्हाला विचारल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नका, एवढाच तिचा अर्थ. कुठे जाऊच नका, असा नाही. त्या फोननं कोणी चिडत नाही. उलट कधी कधी त्यामुळेच अडलेला निर्णय होतो. आणि ते सोडतात तेव्हा तुमच्या हातात निदान दुसरं काम असतं. माझ्या हातात ओला फडका होता.

‘नोकरी सोड, तरच कलेला न्याय देशील’ म्हणणारे गुरू भेटतील. त्यांचं स्वतःचं घर कशावर चालतं, हे हळूच विचारा. बहुतेकांचं शिकवण्यावर चालतं. ‘कास्टिंग डायरेक्टरला (भूमिकांसाठी नट निवडणाऱ्याला) भेटा’ म्हणून पैसे घेणाऱ्या एक दिवसाच्या कार्यशाळा मी तीन केल्या. मिळालं काय, तर चहा. त्यापेक्षा ॲबीचं स्वस्तातलं तिकीट काढा आणि मागच्या रांगेतून बघा की शब्द तिथवर पोचतो कसा.

अजून एक, आणि हे कडक सांगते: आयर्लंडमध्ये विद्यार्थी म्हणून ‘स्टॅम्प २’ या राहण्याच्या परवानगीवर असाल, तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. नटाची बरीच कामं तशीच, बिल लावून घ्यायची असतात. काम स्वीकारायच्या आधी पैसे पगार म्हणून मिळणार की बिलावर, ते विचारा. विचारायला लाजू नका.

उच्चारांची भीती मात्र सोडा. माझा ‘व्ह’ अजून सांगलीचाच आहे आणि त्यामुळे आजवर एकही काम गेलेलं नाही. गेली ती माझ्या गप्प बसण्यानं.

सध्या फेब्रुवारीतल्या चार तारखांना पेन्सिल आहे. काल दुसरीकडून विचारणा आली. दहा मिनिटांत एजंटला कळवलं. तिचं उत्तर: ‘थांब, फोन करते.’ आईला अजून सांगितलेलं नाही.