जुनी इम्पोर्टेड फोर बाय फोर घ्यायची तर आधी कागद

आमचं शेत पांढरकवड्याच्या पुढे, गावापासून अडीच किलोमीटर आत. मधला पांदण रस्ता सगळा काळ्या मातीचा. मृगाचा एक दमदार पाऊस झाला की मोटारसायकल गावातच ठेवावी लागते. २०२३ च्या जुलैत बाबा धुऱ्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्यांना बाहेर काढलं. दर हिसक्याला ते माझं मनगट आवळत होते. त्या रात्रीच ठरवलं, चिखलातून निघणारी गाडी दारात पाहिजे.

नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, परवडणारी नव्हती. वर्षभर शोधून २०१० ची ग्रँड व्हिटारा मिळाली, पैनगंगेपलीकडच्या शहरातली, पेट्रोल, २ लाख ६० हजारांत. त्या काळची ग्रँड व्हिटारा मारुतीच्या शोरूममध्ये विकली जायची, पण यायची जपानहून पूर्ण तयार होऊन. म्हणजे कागदोपत्री ती इम्पोर्टेड. या एका शब्दाला किती पैसे लागतात ते मला नंतर कळलं, तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट: परदेशातून जुनी गाडी स्वतः मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, स्टिअरिंग उजव्या हाताला लागतं, जुनी गाडी मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते, आणि सीमाशुल्क गाडीच्या किमतीलाही मागे टाकतं. आपल्या कामाची ती गाडी, जी आधीच देशात येऊन रीतसर नोंदली गेली आहे. एखादा दलाल जुनी लँड क्रूझर निम्म्या भावात दाखवत असेल तर ती देशात आली कशी, हे आधी विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ केलं. भूतानमार्गे चोरून आणलेल्या आणि खोट्या कागदांवर नोंदलेल्या गाड्या त्यात जप्त झाल्या. आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, हातात असूनही लोकांच्या दारातून गाड्या गेल्या. म्हणून इम्पोर्टेड गाडीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, किंवा निदान कंपनीच्या डीलरचं मूळ इनव्हॉइस मागाच.

सगळीच मोठी गाडी इम्पोर्टेड नसते, हेही लक्षात घ्या. फॉर्च्युनर कर्नाटकात बिडदीला तयार होते. पजेरो एसएफएक्स तामिळनाडूत तिरुवल्लूरला जोडली जायची, मॉन्टेरो मात्र तयार यायची. चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख नंबर, त्याचं पहिलं अक्षर पाहा. जपानमध्ये बनलेल्या गाडीचं ‘जे’ने सुरू होतं, भारतात बनलेल्याचं ‘एम’ने. मग आरसीवर आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर काय नोंद आहे ती ताडून घ्या.

आता माझा दीड महिना जिथे गेला ते सांगतो. आई म्हणाली होती, “गाडी मंग पाह्य, आधी कागद पाह्य.” मी कागद पाहिले, पण वाचले नाहीत. यवतमाळच्या आरटीओत तपासणीला गाडी नेली. फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा लागतो, म्हणून कोरलेल्या नंबरावर पेन्सिल घासली आणि पारदर्शक टेपने ठसा उचलला. काळ्या रेघांत सतरा खुणा उमटल्या. निरीक्षकांनी ठसा आणि आरसी शेजारी धरले आणि अकराव्या खुणेवर बोट ठेवलं. ठशात शून्य होतं, आरसीत इंग्रजी ‘ओ’. चौदा वर्षांपूर्वी नोंदणीच्या वेळी कुणाच्या तरी बोटाने चुकीची कळ दाबली होती. चेसिस नंबरात ओ, आय आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गफलत होऊ नये म्हणून. हे मला माहीत असतं तर सौदा करतानाच चूक दिसली असती. गाडी तिथेच अडकली. मूळ मालकाला घेऊन, गाडी जिथे नोंदली होती त्या आरटीओत दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. मालक सज्जन म्हणून तीन खेपा आले. दुसऱ्या कुणाचा फोन बंद लागला असता.

म्हणून टोकन देण्याआधी ठसा स्वतः उचला. पेन्सिल आणि टेप, दहा रुपयांचं काम आहे. आरसी, विमा, इनव्हॉइस आणि ठसा एका ओळीत ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचा, दुसऱ्याला तपासायला लावा. इंजिन नंबरचंही तसंच.

मग एनओसी. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वर मूळ कार्यालयाची एनओसी लागते. त्यावर आपल्याच आरटीओचं नाव हवं. आम्हाला यवतमाळ, म्हणजे एमएच २९. एनओसीचा अर्ज मालकानेच करायचा असतो, म्हणून पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावरच द्या. गाडीवर कर्ज होतं का पाहा. फिटलं असेल तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलेला असला पाहिजे. ई-चलन थकलेलं असेल तर मालकाकडून भरून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, आधार-पॅनच्या प्रती, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद दोघांच्या सहीने.

आपल्या आरटीओत मालकी बदलाचा अर्ज ३० दिवसांत द्यायचा. परराज्याचा नंबर १२ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यावा लागतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तेवढा हप्ता वाढेल.

खर्चाचं नीट ऐका. महाराष्ट्रात नव्या इम्पोर्टेड गाडीवर रस्ता कर २० टक्के आहे. परराज्यातली जुनी गाडी इथे नोंदताना वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोब मूळ किमतीवरून होतो, तुम्ही दिलेल्या पैशांवरून नाही. म्हणून सौद्याआधीच आरटीओत जाऊन आकडा काढा. आणि त्याहून मोठं म्हणजे गाडीला पंधरा वर्षं झाल्यावरचं फेरनोंदणी शुल्क. साध्या मोटारीला ते ५,००० रुपये, इम्पोर्टेडला ४०,०००. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या इम्पोर्टेड गाडीला ८०,०००. माझ्या गाडीची पंधरा वर्षं ऑगस्ट २०२५ ला भरली. ते ४० हजार मी खरेदीच्या हिशोबात धरलेच नव्हते, तूर विकून भरले. त्यामुळे आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख बघा आणि पुढचं शुल्क आजच्या भावातून वजा करून बोला. मालकही समजून घेतो, त्याच्याकडेही तेच शुल्क उभं असतं.

तपासणीला नेण्याआधी बंपरपुढचा लोखंडी बुल बार काढून टाका. २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राने त्यावर बंदी आणली आहे. बाहेर आलेले रुंद टायर, न नोंदवलेलं दुसरं इंजिन, हेही चालत नाही.

यंत्राचं एकच सांगतो. डॅशबोर्डवरचं फोर बाय फोरचं बटण फिरवल्यावर दिवा लागतो यावर समाधान मानू नका. गाडी ढेकळांच्या शेतात घाला. थांबून, न्यूट्रलमध्ये टाकून, ‘फोर एल लॉक’, म्हणजे चारही चाकं संथ पण जोराने ओढणारी जोडणी, लावा आणि सरळ चालवा. चारही चाकांनी माती ओढली पाहिजे. डांबरावर लॉक लावून वळवू नका, गिअरवर ताण येतो.

नवा नंबर आला की विमा आणि फास्टॅगवर तो बदलून घ्या, आणि नव्या आरसीचा फोटो जुन्या मालकाला पाठवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अपघाताची जबाबदारी नोंदीवर ज्याचं नाव आहे त्याची. माझ्यासाठी तीन खेपा घालणारा माणूस तो फोटो येईपर्यंत निवांत झोपला नव्हता. फोटो पाठवला त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी बाबांच्या पायाची चौकशी केली, मग गाडीची.