पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा: पेंड कमी करा, भरडा वाढवा

कोरडा काळ संपून पाऊस पडला की दोन-तीन आठवड्यांत बांध, पडीक रानं, कुरणं हिरवी होतात. कित्येक महिने कडबा नि भुसा चघळलेलं जनावर त्या हिरव्यावर तुटून पडतं आणि गोठ्यातल्या माणसालाही हायसं वाटतं. पण जनावराच्या पोटासाठी वर्षातले सगळ्यात नाजूक आठवडे हेच असतात. वाळल्या वैरणीत प्रथिनं जेमतेम 3 ते 5 टक्के असतात. कोवळ्या गवतात, पाण्याचा भाग वगळून मोजलं तर, ती 18-20 टक्क्यांपर्यंत जातात. ही उडी काही दिवसांत पडते आणि पोट तेवढ्या वेगाने बदलत नाही.

खुराकाच्या गोणीवर किंवा चाऱ्याच्या तपासणी अहवालात ‘कच्ची प्रथिनं’ असा आकडा असतो. प्रयोगशाळेत थेट प्रथिनं मोजत नाहीत. नमुन्यातलं नत्र (नायट्रोजन) मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात, कारण प्रथिनांत साधारण 16 टक्के नत्र असतं. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये दिलेली पद्धत आजही त्याच तत्त्वावर चालते. तिची मर्यादा माहीत असलेली बरी. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्यामुळे या हिशोबाने एक किलो युरिया पावणेतीन किलोंहून जास्त ‘प्रथिनं’ दाखवतो. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नत्राने भरलेलं रसायन मिसळलं गेलं ते याच पळवाटेने. म्हणून गोणीवर 20 टक्के लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात पेंड किती, युरिया किती, हे विचारा.

आता कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, काय होतं ते बघू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यातली बरीचशी प्रथिनं फोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बांधतात. हेच सूक्ष्मजीव पुढे आतड्यात पचतात आणि जनावराला प्रथिनं मिळतात, म्हणजे आपण आधी जनावराला नाही, त्याच्या पोटातल्या जिवांना जेवू घालतो. त्यांना वाढायला अमोनिया लागतो, आणि त्याच वेळी ऊर्जाही लागते, म्हणजे स्टार्च, साखर, पचणारे तंतू. वैरणीत प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीवांची उपासमार होते, तंतू पचत नाहीत, पोट रिकामं होत नाही आणि समोर गव्हाण भरलेली असूनही जनावर खाणं कमी करतं. उन्हाळ्याच्या शेवटी दिसणारी रोडावलेली जनावरं बऱ्याचदा चारा नाही म्हणून नाही, तर चाऱ्यात नत्र नाही म्हणून रोडावलेली असतात.

पाऊस पडल्यावर याच्या नेमकं उलटं होतं. कोवळ्या गवतातलं नत्र झटपट विरघळतं आणि अमोनियाचा लोंढा येतो. त्याला पुरेल एवढी ऊर्जा त्या पाणचट गवतात नसते. उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मूत्रावाटे, थोडा दुधावाटे, बाहेर पडतो. हे काम फुकट होत नाही, जनावराची ऊर्जा त्यात जळते. नुकतीच व्यायलेली, आधीच अंगाने उतरलेली गाय यात आणखी मागे पडते. माज उशिरा येतो किंवा भरवलेली गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते.

अशा वेळी सर्रास होणारी चूक म्हणजे ‘हिरवं सुरू झालं, आता दूध वाढवू’ म्हणून सरकी पेंड किंवा सोयाबीन पेंड वाढवणं. नत्र आधीच उतू जात असताना पेंड घालणं म्हणजे पैसा मुतात घालवणं. या दिवसांत पेंडीचा भाग कमी करून तेवढाच मक्याचा, ज्वारीचा किंवा बाजरीचा भरडा द्या. मात्र भरडाही एकदम वाढवू नका, नाहीतर पोटात आम्ल साचतं. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलोने वाढवा, याहून जास्त नको. सकाळी चरायला सोडण्याआधी कडब्याची कुट्टी पोटभर खाऊ द्या. हिरव्याचं प्रमाण दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. कडबा संपवून टाकायची घाई करू नका, या काळात तोच औषध आहे. दवाने किंवा पावसाने ओला असलेला लसूणघास, बरसीम उपाशी पोटी दिला तर फेसाळ पोटफुगी होते आणि तासा-दोन तासांत जनावर जातं, त्यासाठीही आधी कोरडं हवंच. कोवळ्या गवतात पालाश (पोटॅशियम) जास्त नि मॅग्नेशियम कमी असतं, त्यामुळे क्षार मिश्रणात खंड पडू देऊ नका.

अंदाज घ्यायला शेण रोज बघा. बरं चाललं असेल तर शेणाचा पोहो मध्यभागी किंचित खोलगट, दोन-तीन बोटं उंच पडतो. पातळ, पसरणारं, बुडबुडे असलेलं शेण आणि सकाळी गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास हे दोन्ही एकत्र असतील तर नत्र वाया चाललंय असं समजा. संकलन केंद्रावर किंवा प्रयोगशाळेत दुधातलं युरिया नायट्रोजन तपासण्याची सोय असेल तर जरूर वापरा. 100 मिलिलिटरला 10 ते 16 मिलिग्रॅम ठीक. त्याखाली सतत राहिलं तर प्रथिनं कमी पडतायत. 20 च्या वर गेलं तर प्रथिनं जास्त, ऊर्जा कमी, आणि गर्भधारणेवर परिणाम होण्याची शक्यता. अहवालात ‘युरिया’ लिहिलंय की ‘युरिया नायट्रोजन’ हे आधी बघा, कारण युरियाचा आकडा दुपटीहून थोडा जास्त येतो.

नायट्रेट: या हंगामातला खरा धोका

पाऊस लांबला, ज्वारी-मका-बाजरी सुकत उभी राहिली आणि मग एकदम पाऊस झाला, अशा वेळी सावध राहा. कोरड्या दिवसांत जमिनीत नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्राचं रूप, साचलेलं असतं. पाणी मिळताच मुळं ते भराभर ओढतात, पण ताण खाल्लेल्या पानांना त्याची प्रथिनं करायला वेळ लागतो. आभाळ भरलेलं असेल तर आणखी वेळ लागतो, कारण या कामाला ऊन लागतं. त्यातच कुणी पावसाचा मोका साधून युरिया फेकलेला असेल तर धांड्यात नायट्रेट भरून राहतं. ते सगळ्यात जास्त असतं बुडख्याकडच्या भागात, पानांत कमी, दाण्यात जवळपास नाहीच.

कोटीपोटात या नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तात जाऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मारतं. जनावर धापा टाकतं, लडखडतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, रक्त चॉकलेटी दिसतं. वेळीच मिथिलीन ब्ल्यूचं इंजेक्शन मिळालं तर जनावर वाचतं, पण ते पशुवैद्यकानेच द्यायचं. गाभण जनावर वरकरणी वाचलं तरी नंतर गाभडू शकतं.

याच पिकांतल्या ज्वारीला दुसरा एक दोष आहे: किराळ. कोवळ्या, पाण्याअभावी कोमेजलेल्या किंवा कापणीनंतर नुकत्याच फुटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. त्यात जनावर फार झटपट पडतं आणि रक्त भडक लाल दिसतं. हा रंगातला फरक डॉक्टरांना फोनवरच सांगा, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. किराळीवरचं एक औषध सोडियम नायट्राइट आहे, ते नायट्रेटच्या विषबाधेत दिलं तर घातच होईल. दुसराही फरक ध्यानात ठेवा. ज्वारी कापून चांगली वाळवली की किराळीचं विष बरंच उडून जातं. नायट्रेट मात्र वाळवल्याने कमी होत नाही, गंजीत वर्षभर तसंच राहतं. चारा हवाबंद खड्ड्यात दाबून मुरघास केला तर आंबताना त्यातला बराच भाग, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा, मोडतो. पण पहिले काही दिवस खड्ड्यातून पिवळसर-तपकिरी विषारी वायू निघू शकतो, म्हणून तिथे वाकून बघू नका आणि मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

ताणानंतर पाऊस पडला की किमान 7 ते 10 दिवस, आणि मधे चांगलं ऊन मिळेपर्यंत, ते पीक कापू नका. कापायचंच झालं तर जमिनीपासून वीतभर वर कापा. उपाशी जनावराला असा चारा देऊ नका, कोरड्या वैरणीत मिसळून थोडा थोडा द्या. कापलेला हिरवा चारा रात्रभर ढिगात तापू देऊ नका, कारण ढिगातच नायट्रेटचं नायट्राइट व्हायला लागतं आणि ते कितीतरी जास्त विषारी असतं. शंका असेल तर नमुना तपासून घ्या. सुक्या भारावर नायट्रेट अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर सहसा भीती नाही. एक टक्क्यावर असेल तर इतर वैरणीत भरपूर मिसळल्याशिवाय देऊ नये, गाभण जनावराला तर नाहीच. प्रशिक्षित माणूस डायफिनिलअमाइनची चाचणी शेतातही करू शकतो. धांडा उभा चिरून बुडख्याच्या पेराजवळ थेंब टाकला की गर्द निळा रंग उठतो, तोच इशारा. त्यात तीव्र गंधकाम्ल असतं, घरी करून बघू नका.

चारापिकाला नत्र कधी, कापणी कधी

बहुवार्षिक गवताला नत्र दिलं की उत्पन्नही वाढतं आणि प्रथिनंही, यात वाद नाही. पण सगळी मात्रा एकदम देऊ नका. प्रत्येक कापणीनंतर फुटवे दिसू लागले की हेक्टरी 40 ते 50 किलो नत्र, म्हणजे साधारण 90 ते 110 किलो युरिया, ओलीवर द्या आणि पुढची कापणी किमान तीन-चार आठवड्यांनी करा. शेणखत भरपूर पडलेल्या रानात ही मात्रा घटवा.

खतापेक्षाही मोठा फरक कापणीच्या वेळेने पडतो. उशिरा कापलं तर भारा मोठा होतो, पण तो धांड्याचा. प्रथिनं पानात असतात. ज्वारी 50 टक्के फुलोऱ्यात, मका दाणे चिकात भरत असताना, लसूणघास दहातल्या एका झाडाला फूल दिसताच आणि संकरित नेपिअर गवत पहिल्या कापणीनंतर दर 40-45 दिवसांनी कापावा. लसूणघास वाळवताना दुपारी हलवू नका, पानं झडून हातात काड्या राहतात. गंजीत ओल राहून चारा तापला, तपकिरी झाला, तंबाखूसारखा वास आला, तर प्रयोगशाळा प्रथिनं दाखवेल, पण उष्णतेने बांधली गेलेली ती प्रथिनं जनावराला पचणार नाहीत.

द्विदल चारा मुळात हवेतलं नत्र घेतो, त्याला युरियाची गरज नाही. चवळी किंवा लसूणघासाचं रोप अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठीत नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं खत, चोळा.

द्विदल चाऱ्याने खुराक किती वाचतो ते एका उदाहरणाने सांगतो. 400 किलो वजनाची, 10 लिटर दूध देणारी गाय घ्या. अंग राखायला सुमारे 320 ग्रॅम आणि लिटरमागे 90 ग्रॅम, म्हणजे रोज साधारण 1220 ग्रॅम कच्ची प्रथिनं हवीत. नुसता 8 किलो कडबा घातला तर त्यातून 320 ग्रॅम मिळतात, उरलेल्या 900 साठी 20 टक्क्यांचा खुराक साडेचार किलो लागतो. त्याऐवजी 5 किलो कडबा, 15 किलो हिरवा मका आणि 10 किलो लसूणघास दिला तर 200, 240 आणि 400 मिळून 840 ग्रॅम होतात, आणि खुराक दोन किलोंत भागतो. मका यात मुद्दाम आहे. तो काढून नुसता लसूणघास वाढवला तर प्रथिनांचा आकडा जुळेल, पण ऊर्जा कमी पडेल आणि वर सांगितलेलीच गत होईल.

कडबा-भुसा उरला असेल तर

उघडीप मिळाली की उरलेल्या भुशावर युरिया प्रक्रिया करून ठेवा, पुढच्या कोरड्या काळात कामी येईल. 100 किलो वाळक्या भुशाला 4 किलो युरिया 40 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत, प्रत्येक थर तुडवत सारखा शिंपडा. वरून प्लास्टिकने हवाबंद करा आणि 21 दिवस हात लावू नका. प्रथिनं 3-4 टक्क्यांवरून 7-8 टक्क्यांवर येतात आणि तंतूही मऊ होतात. उघडल्यावर भुसा सोनेरी-तपकिरी दिसतो, वास नाकात झणझणतो. रोज लागेल तेवढाच काढून दोन-तीन तास पसरून ठेवा, वास विरला की द्या. बुरशी धरलेला भाग टाकून द्या.

कोरडा युरिया कधीही गव्हाणीत टाकू नका, पाण्यात विरघळवून पाजू नका. सहा महिन्यांखालचं वासरू, घोडा आणि डुक्कर यांना युरियाचा चारा चालत नाही. कच्च्या सोयाबीनसोबत युरिया नको, कारण सोयाबीनमधलं विकर त्याचा अमोनिया झटक्यात मोकळा करतं. एकूण शुष्क आहाराच्या 1 टक्क्यापेक्षा जास्त युरिया पोटात जाता कामा नये, आणि सवय लावायला दोन-तीन आठवडे घ्यावेत. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंडाला फेस, अंगाला थरथर, पोटफुगी, जोराचा श्वास दिसला तर डॉक्टरांना बोलवा. जनावर गिळू शकत असेल तर मोठ्या गाईला 2 ते 4 लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यात मिसळून, डोकं फार वर न उचलता, सावकाश पाजा. युरियाची गोणी खुराकाच्या खोलीत ठेवू नका. मीठ समजून ती गव्हाणीत ओतली जाते, तेव्हा व्हिनेगर आणायला वेळ उरत नाही.