स्वतःच्या डोमेनवर ईमेल घेताय? हे आधी बघा
आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घेऊन त्यावर ईमेल सुरू करणं अवघड नाही. मेल सेवा देणारे जे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी) देतात, ते डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, भरायचे. एसपीएफची नोंद (तुमच्या डोमेनवरून मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी) मात्र एकच ठेवा. दोन झाल्या की तपासणी फसते आणि तुमचे मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात.

खरी काळजी पुढेच आहे. डोमेन जिथून घेतलं, त्या खात्याला हाच नवा पत्ता देऊ नका. डोमेनची मुदत संपली की मेल बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंकही त्याच बंद पेटीत! तिथे जुना जीमेलच असू द्या. सुटलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या बँकेचे मेल त्याच्या हाती पडू शकतात. ऑटो-रिन्यू (मुदत आपोआप वाढवणं) चालू ठेवा, कार्ड बदललं की तिथेही बदला. डॉट कॉम एकदम 10 वर्षांसाठीही घेता येतं.