ब्ल्यूबेरीसाठी माती आंबट करताय? आधी बोअरचं पाणी तपासा

वळवाचे ढग भरायला लागलेत, गंधक टाकायचं असेल तर हेच पंधरा दिवस, पण त्याच्या आधी ठिबकच्या ड्रिपरचं तोंड बघून या. पांढरा खपला धरलाय काय? मग गंधकाची पोती घ्यायची घाई करू नका.

निपाणीकडच्या एका पाहुण्यांनी ४० रोपं लावली, गंधक घातलं, कोकोपीट घातलं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढी माती आंबट) ५ वर आणला, सगळं बरोबर. चार महिन्यात कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदारानं लोहाचा डबा दिला, मग दुसरा डबा, मग पीएच कमी करायची बाटली. मी गेलो तेव्हा माती ६.८ वर गेलेली. रोज ठिबकनं चुनाच पाजत होते की ओ! बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतंय, गंधकानं केलेला आंबटपणा ते रोज थोडा थोडा मारतंय. म्हणून नुसता पाण्याचा पीएच नको, लॅबमध्ये बायकार्बोनेट पण बघायला सांगा.

ब्ल्यूबेरीला पीएच ४.५ ते ५.५ लागतोय. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटीकडची लाल माती मुळातच आंबट, तिथं काम सोपं. जिथं नेचे आपोआप उगवतात ती जागा धरा, हा आपला माझा अंदाज. अथणी, रामदुर्गच्या काळ्या रानात ढेकळावर व्हिनेगर ओता, फसफसलं की विषय सोडा. १ टक्का चुनखडी असली तरी वरच्या अर्धा फूट मातीतली ती मारायलाच एकरी ३ टनाच्या आसपास गंधक जातंय, पीएच त्यानंतर हलणार. हौसच असेल तर कुंडीत लावा.

मध्यम पोताच्या मातीत ५.५ वरनं ४.५ वर यायला गुंठ्याला साधारण १२ किलो गंधक, दोन हप्त्यात. हे गंधक मातीतले जिवाणू पचवतात तेव्हा ॲसिड होतंय, त्याला ओल, ऊब, हवा आणि तीन ते सहा महिने लागतात. आता घातलं तर दिवाळीच्या आसपास लावता येतंय. मात्र पाणी साचणाऱ्या जागेत घालू नका, हवा नसली की सडक्या अंड्याचा वास येतोय आणि काम होत नाही. आणि जिप्समनं पीएच उतरत नाही, कोण काय पण सांगू दे.

बाकीची कामं:
- माती परीक्षण, रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याचं) विचारा
- उंच गादीवाफे, चर
- भाताचं तूस किंवा पाल्याचं आच्छादन
- खत अमोनियम सल्फेट, थोडं थोडं
- चुलीची राख, कॅल्शियम नायट्रेट बंद

बोअरशिवाय पर्याय नसेल तर १० लिटर बादलीत सायट्रिक ॲसिड ग्रॅम ग्रॅमनं घालत पीएच ५.५ वर आणा, लागलेले ग्रॅम लिहून ठेवा, त्याच हिशेबानं टाकीत घाला. दर पाण्याला हा खर्च बसतोय, तो परवडतोय काय ते रोपं आणायच्या आधी कागदावर मांडा. आमच्याकडं तर सरळ पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरतोय, पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्यायच्या, पत्रा धुवून निघतोय.