गोल बरोबर, तरी डोळ्याला खटकतो? वर्तुळाच्या या चुका टाळा

वर्तुळ बिघडतं ते दोन तऱ्हांनी. एक तर भूमितीच चुकलेली असते: केंद्र सरकलेलं, त्रिज्येच्या जागी व्यास धरलेला, भाग असमान पडलेले. नाहीतर भूमिती काटेकोर असते, पण डोळा ती मानत नाही. पहिल्या दुखण्याला हिशोब लागतो, दुसऱ्याला नजर. बडोद्यात डिझाइन शिकणारी आपली मराठी मुलं फाइल घेऊन येतात तेव्हा बहुतेक वेळा औषध उलटं दिलेलं असतं. मोजायचं तिथे अंदाजाने ढकललेलं, आणि नजरेने ठरवायचं तिथे "सर, सेंटर अलाइन केलंय ना!" म्हणून हटून बसलेले. म्हणून आधी दुखणं कोणतं ते ओळखा.

गोल लोगोत शिरोरेषा तुटते

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. गणपती मंडळाचा गोल लोगो, वरच्या कमानीवर 'श्री गणेशोत्सव मंडळ', खालच्या कमानीवर 'दांडिया बाजार, बडोदे'. कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिट टेक्स्ट टू पाथ' केलं, म्हणजे मजकूर वळणावर बसवला, की वरच्या ओळीतली शिरोरेषा फाटते आणि खालच्या ओळीतली अक्षरं डोकी घासत उभी राहतात. मुलं फॉन्टला दोष देतात. फॉन्टचा दोष थोडाच, बाकी सगळी त्रिज्येची करामत.

हिशोब करून बघा. अक्षरांचे पाय 40 मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर आहेत आणि उंची 8 मिमी. म्हणजे शिरोरेषा 48 मिमी त्रिज्येवर गेली. तिथला परीघ पायांच्या परिघापेक्षा 20 टक्के मोठा. अक्षराची रुंदी मात्र तेवढीच, मग फटी पडणारच. खालच्या कमानीवर नेमकं उलटं: डोकी केंद्राकडे, त्रिज्या 32, म्हणजे 20 टक्के जागा कमी. तोच मजकूर त्याच उंचीत 80 मिमी त्रिज्येवर बसवला तर हा फरक 10 टक्क्यांवर येतो. तेव्हा पहिला उपाय साधा आहे, मजकूर लहान करा किंवा वर्तुळ मोठं करा. मंडळाचं नाव, स्थापना वर्ष, नोंदणी क्रमांक आणि वर बोधवाक्य, एवढं सगळं एका कडीत कोंबू नका. कार्यकर्ते ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

दुसरा उपाय देवनागरीच्या स्वभावातून येतो. रोमन अक्षरं पायावर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. म्हणून वरच्या कमानीत पायाऐवजी शिरोरेषा वर्तुळावर येईल इतका मजकूर खाली सरकवा. रेषा जुळतात. तरीही 'श्री'सारख्या रुंद अक्षरांपाशी शिरोरेषा सरळ तुकड्यांची, कोपरे पडलेली दिसते, कारण सॉफ्टवेअर अक्षर फिरवतं, वाकवत नाही. तिथे मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे टाइप न होणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला, शिरोरेषेचे तुकडे काढून टाका आणि त्याच जाडीचा खराखुरा कंस काढून अक्षरं त्याला जोडा. वेळखाऊ काम आहे, पण चांगला लोगो लांबूनही ओळखू येतो तो यानेच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मात्रा सुट्या असतात आणि वळणावर त्या अक्षराला सोडून भलतीकडे झुकतात. अशा वेळी आधी कर्व्ह करा, मात्रेसकट एकेक अक्षर ग्रुप करा आणि मगच वळणावर ठेवा.

मजकूर कुठे ठेवायचा हे तुमच्या हातात असेल तर मात्रा, वेलांट्या, रफार जास्त असलेली ओळ वर घ्या, तिथे डोक्याकडे जागा सुटते. उकार जास्त असतील तर ती ओळ खाली.

गरब्याचे फेर: कॉपी करून मोठं केलं की झालं?

नवरात्राच्या पोस्टरवर एकात एक फेर हवेच असतात. चूक अशी की आतल्या फेरात बारा जणी काढायच्या, तोच फेर कॉपी करून मोठा करायचा. मग बाहेरच्या बायका राक्षसिणीसारख्या दिसतात. आकार तोच ठेवला तर बारा जणी विरळ पडतात.

त्रिज्या 1 मीटरने वाढली की परीघ 6.28 मीटरने वाढतो, वर्तुळ केवढंही असो. त्यामुळे दोन फेरांमधलं अंतर आणि शेजारच्या दोघींमधलं अंतर सारखं ठेवलं तर प्रत्येक बाहेरच्या फेरात साधारण सहा जणी वाढवायच्या: 12, 18, 24, 30. मैदानावर पन्नासावा फेर असला तरी वाढ सहाचीच. पहिल्यांदा ऐकताना हे कुणालाच खरं वाटत नाही.

फिरवून कॉपी करतानाही एक घोळ होतो. 24 आकृत्यांसाठी कोन 360 भागिले 24, म्हणजे 15 अंश, आणि कॉपी 23. मुलं 24 कॉपी घेतात, शेवटची पहिलीवर जाऊन बसते आणि रंग पारदर्शक असेल तर छापताना तेवढीच जागा गडद येते. फिरण्याचं केंद्रही आकृतीच्या पोटात राहून जातं, ते आधी फेराच्या केंद्रावर न्या. तिरंग्यातल्या अशोकचक्राचे आरे 23 किंवा 25 होतात ते याच गफलतीतून. ते 24 असतात.

सात पाकळ्यांचं फूल मात्र परकार-पट्टीने अचूक काढता येत नाही, ते अशक्य असल्याचं 1837 मध्ये सिद्ध झालंय. तिथे 51.43 अंश टाइप करा आणि पुढे चला.

घुमट काढताना कडा उलट्या वळतात

सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेच्या इमारतीचा मोठा घुमट रस्त्यावरून स्केच करायला मुलं बसतात. घुमटाखालची आडवी कडी प्रत्यक्षात वर्तुळ आहे, पण खालून ती लंबवर्तुळ दिसते. निम्मी मुलं तिचा कंस खाली झुकवतात, कारण ताट-वाटी काढताना तसं केलेलं असतं. ताट नजरेच्या खाली असतं. नजरेच्या वर असलेल्या वर्तुळाची जवळची कड कागदावर वर येते, म्हणून कंस वर फुगतो. आणि कडी जितकी उंच, तितकं लंबवर्तुळ जास्त उघडं. सगळ्या कड्या सारख्याच चपट्या काढल्या की घुमट पत्र्याचा कापल्यासारखा दिसतो. लंबवर्तुळाची टोकं अणकुचीदार करू नका, ती गोलच वळतात.

हिशोब बरोबर, तरी डोळा नाही म्हणतो

100 मिमीच्या चौरसाशेजारी 100 मिमी व्यासाचं वर्तुळ लहानच दिसतं, कारण त्याचं क्षेत्रफळ चौरसाच्या 78.5 टक्के असतं. गूगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइन-नियमावलीतल्या आयकॉन-चौकटीत चौरस 18 एककांचा आणि वर्तुळ 20 चं आहे, ते यासाठीच.

प्ले बटणातला त्रिकोण 'सेंटर' केला की डावीकडे सरकलेला वाटतो. सॉफ्टवेअर त्रिकोणाभोवतीच्या अदृश्य चौकटीचा मध्य धरतं, डोळा वजनाचा मध्य धरतो. समभुज त्रिकोणात हे दोन मध्य उंचीच्या सहाव्या भागाने वेगळे पडतात. उंची 24 मिमी असेल तर त्रिकोण 4 मिमी उजवीकडे घ्या. मग तिन्ही टोकं वर्तुळापासून सारख्या अंतरावर येतात.

गोल कोपऱ्यांच्या चौकटीत दुसरी चौकट बसवताना दोन्हींना एकच त्रिज्या देतात आणि कोपऱ्यातली पट्टी जाड दिसते. आतली त्रिज्या म्हणजे बाहेरची त्रिज्या वजा मधलं अंतर: 20 आणि 8 असेल तर 12. एवढं करूनही सरळ रेषा कंसाला भेटते तिथे खांदा आल्यासारखा वाटतो, कारण वक्रता शून्यावरून एकदम उडी मारते. रेल्वेचे रूळही असे एकदम वळवत नाहीत, मध्ये हळूहळू वाढणारं वळण देतात. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी कॉर्नर स्मूदिंग ही सोय आहे. छोट्या बटणावर ते वाया जातं.

आलेखात चौपट आकडा दाखवायला चौपट व्यास घेणं ही तर सरळ फसवणूक झाली, हेतू नसला तरी. क्षेत्रफळ सोळापट होतं. व्यास दुप्पट पुरे.

छापल्यावर गोल अंड्यासारखा आला

फोटोवरून ट्रेस केलेल्या वर्तुळाला पुष्कळ नोड, म्हणजे रेषेवरचे ओढता येणारे बिंदू, असतात, ते दुरुस्त करत बसू नका. पुसा आणि लंबवर्तुळाच्या टूलने नवीन काढा, कोरलमध्ये कंट्रोल दाबून, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट दाबून. फ्लेक्सवर तपासताना उभा-आडवा व्यास सारखा आला म्हणून खूश होऊ नका, तिरके दोनही मोजा. केंद्र माहीत नसेल तर पोस्टकार्डाचा काटकोनी कोपरा कडेला लावा. कोपऱ्याच्या दोन्ही बाजू वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू जोडले की व्यास मिळतो. दुसऱ्या जागी तेच करा. दोन व्यास छेदतात तिथे केंद्र, आणि तिथून कडेपर्यंत आठ दिशांना पट्टी फिरवा.