बेळगावच्या पावसात सिलिकेवर टायटॅनियम बसवताना

दरवर्षी एम.एस्सी.चं कुणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, एपॉक्सिडेशनचा कॅटॅलिस्ट कधी करूया?" (एपॉक्सिडेशन म्हणजे दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवून तीन अणूंचं कडं, म्हणजे एपॉक्साइड, करणं; त्याचा आमचा कॅटॅलिस्ट म्हणजे सिलिकेवर बसवलेला टायटॅनियम.) माझं उत्तर ठरलेलं: दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर आमच्या बेळगावात भिंतींनाही ओल येते, आणि या कामात पाण्यासारखा वैरी नाही. तरी पावसाळ्यातच करायची पाळी आली तर असं करा.

पदार्थ वेगळे करायच्या कॉलमला वापरतो तीच सिलिका जेल चालते, ग्रॅममागे ५०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभागाची. "गावात ॲल्युमिनाचा कारखाना असताना सिलिका कशाला?" असं एका मुलानं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पण ॲल्युमिनाच्या आम्लतेनं एपॉक्साइडचं कडं उघडतं आणि डायॉल (दोन ओएच गटांचा पदार्थ) हाती येतो. ॲल्युमिनाला दुसरं काम आहे, पुढे सांगते.

५ ग्रॅम सिलिका २०० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर तापवा आणि नायट्रोजनखालीच गार होऊ द्या. माझी पहिली बॅच इथंच गेली. जुलै महिना, ओव्हनमधून काढलेली सिलिका उघडी ठेवून मी चहाला गेले. परत येऊन टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड (टायटॅनियम पुरवणारं द्रव) घातलं, तर फ्लास्कमध्ये ताक! पाणी मिळालं की ते सिलिकेच्या ओएच गटांना धरायच्या आधी आपापसात जुळतं आणि टायटॅनियाचे (टायटॅनियम ऑक्साइडचे) कण होऊन बसतं. आपल्याला कण नको, एकेकटा टायटॅनियम हवा, चार ऑक्सिजनच्या मध्ये बसलेला. शेल कंपनीनं १९७०च्या दशकात प्रोपिलीन ऑक्साइडसाठी वापरला तो टायटॅनियम-सिलिका कॅटॅलिस्टही याच जातीचा.

५० मिली कोरड्या टॉल्युइनमध्ये सिलिका घेऊन ०.४६ मिली आयसोप्रोपॉक्साइड थेंब थेंब सोडा. म्हणजे साधारण दीड टक्का टायटॅनियम, दर अडीच चौरस नॅनोमीटरला एक अणू. जास्त घालण्याचा मोह आवरा. आमचे लॅबमधले कानडी अण्णा अशा वेळी मागून "निधान, निधान" (सावकाश, सावकाश) म्हणतात, आणि त्यांचं खरं असतं. चार तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळणं), गाळणं, कोरड्या टॉल्युइननं दोनदा धुणं, वाळवणं. मग मफल फर्नेसमध्ये (विजेच्या भट्टीत) मिनिटाला २ अंश चढवत ५०० अंशांवर चार तास. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

पावडर पांढरी दिसली म्हणून खूश होऊ नका, अनाटेस, म्हणजे टायटॅनियाचा स्फटिकही पांढराच असतो. डिफ्यूज रिफ्लेक्टन्स यूव्ही (पावडरवरून परतलेल्या अतिनील प्रकाशाचा आलेख) काढा. २१० ते २३० नॅनोमीटरला पट्टा आला तर काम झालं. ३३० च्या आसपास खांदा उचलला असेल तर कण झालेत.

प्रयोगाला १० मिलिमोल सायक्लोहेक्झीन, ५ मिलिमोल टीबीएचपी (ऑक्सिजन देणारं टर्ट-ब्युटिल हायड्रोपेरॉक्साइड, डेकेनमधलं), १०० मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट, ५ मिली टॉल्युइन, ६० अंश, चार-पाच तास. ऑलेफिन (दुहेरी बंधवालं, इथं सायक्लोहेक्झीन) जास्त ठेवायचं कारण, पेरॉक्साइड शिल्लक राहू नये. सायक्लोहेक्झीनची जुनी बाटली असेल तर त्यात आपोआप पेरॉक्साइड झालेलं असतं. ते ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून गाळून घ्या. हे त्याचं काम. बाजारातलं पाण्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड इथं चालणार नाही, पाण्यानं टायटॅनियम सुटून जातो. ते हवं असेल तर टीएस-१ झिओलाइट (टायटॅनियम असलेला, बारीक भोकांचा सिलिकेचा स्फटिक) हवा, जो १९८३च्या पेटंटपासून ओळखला जातो आणि पाण्याला दूर ठेवतो. पण त्याची भोकं इतकी बारीक की सायक्लोहेक्झीन धड आत शिरत नाही.

टीबीएचपी गरम करून कधीच आटवू नका, डिस्टिल करू नका, शील्डमागे काम करा. उरलेलं सोडियम सल्फाइटनं मारून मगच सिंकमध्ये.

जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) एपॉक्साइडसोबत २-सायक्लोहेक्झीन-१-ऑल आणि २-सायक्लोहेक्झीन-१-ओन, म्हणजे दुहेरी बंधाशेजारी ऑक्सिडेशन झालेले पदार्थ दिसले, तर रॅडिकल वाट (सुट्या इलेक्ट्रॉनवाल्या कणांमार्फत होणारी दुसरीच अभिक्रिया) मध्ये घुसलीय. सायक्लोऑक्टीन घेऊन पाहा, ते तेवढं नखरे करत नाही.

आणि एकदा तरी अर्ध्या वाटेवर गरम असतानाच गाळा. गाळलेलं द्रव पुढेही रूपांतर देत राहिलं, तर टायटॅनियम सुटून द्रावणात उतरलाय. गार करून गाळाल तर सुटलेला परत चिकटतो, आणि तुम्ही फसाल.