रेषा बंद नसेल तर एक्स्ट्रूड काय करणार?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या मागाचा मोडलेला ब्रॅकेट पुन्हा ओतून घ्यायचा असतो आणि हातात असतं फक्त जुनं टूडी ड्रॉइंग; त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवायचं असतं. ‘ऑटोकॅडमध्ये उघडा, एक्स्ट्रूड मारा, झालं’ हा सल्ला मिळतोच. तो ऐकू नका. एक्स्ट्रूड, म्हणजे सपाट आकाराला जाडी देणं, दोन मिनिटांचं काम आहे; दिवस जातो तो त्याआधीच्या तयारीत.

फाइलची प्रत काढा. डायमेन्शन (मापं), हॅच (तिरप्या रेषांचा भराव), सेंटरलाइन (मध्यरेषा) यांचे लेयर बंद करा. 25 मिमीचा बोअर (गोल भोक) डिस्ट कमांडने मोजा, 0.984 आला तर ड्रॉइंग इंचात आहे, 25.4 ने स्केल करा. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका: आकडा हाताने बदललेला आणि रेषा जुनीच, हे फार वेळा दिसतं. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतलं) शंकूचं चिन्हही बघा; व्ह्यू कोणत्या पद्धतीने मांडलेत ते त्यावरून कळतं. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली असतो, थर्ड अँगलमध्ये वर. इथे चुकलं की बॉस (प्लेटवरचा गोल उंचवटा) उलट्या बाजूला येतो.

आता खरी डोकेदुखी: प्रोफाइल, म्हणजे आकाराची बाह्यरेषा, बंद करणं. आधी ओव्हरकिल चालवून एकावर एक बसलेल्या रेषा काढा. मग सगळं निवडून प्रॉपर्टीजमध्ये झेड (उंची) शून्य करा. वरून जुळलेली दिसणारी टोकं झेडमध्ये वेगळी असली, तर ती कितीही जोडा, जुळत नाहीत. त्यानंतर सुट्या रेषा जोडायला पीएडिट, मल्टिपल, जॉइन. फझ डिस्टन्स (किती फटीपर्यंतची टोकं जोडायची ते) 0.05 ठेवा. ‘जुळत नाही, मग 1 करा’ असं कुणी सांगितलं तरी करू नका. फिलेटची (गोलसर कोपऱ्याची) टोकं भलतीकडे ओढली जातात आणि रेषा-कंसाचा गुळगुळीत जोड मोडतो.

तरीही बंद होत नसेल तर बाउंड्री कमांड देऊन आत क्लिक करा. फट असेल तिथे लाल वर्तुळं दिसतात; तेवढीच टोकं ट्रिम-एक्स्टेंडने जुळवा. शेवटी रीजन कमांड, म्हणजे बंद रेषेचं सपाट क्षेत्र बनवणं. ‘1 रीजन क्रिएटेड’ आलं तरच पुढे जा. उघड्या प्रोफाइललाही एक्स्ट्रूड होतो, म्हणूनच लोक फसतात: मिळते ती सरफेस, नुसतं पातळ कवच, भरीव घन नव्हे.

स्कॅनवरून ट्रेस केलेलं वर्तुळ शेकडो बारीक तुकड्यांचं असतं. ते दुरुस्त करत बसू नका, पुसून नवीन वर्तुळ काढा.

मग 12 मिमीची प्लेट एक्स्ट्रूड करा. भोकाचा दंडगोल 14 मिमी लांबीचा घ्या, दोन्ही बाजूंना 1 मिमी बाहेर ठेवून वजा करा. कडांचे फिलेट सगळ्यात शेवटी.

मासप्रॉप कमांडमधलं घनफळ घनमिलिमीटरमध्ये येतं. त्याला 7.2 ने गुणून दहा लाखांनी भागा: कास्ट आयर्नचं अंदाजे वजन, किलोत. जुना ब्रॅकेट काट्यावर ठेवून ताडून बघा. मॉडेल बरंच जड निघालं, तर तुटक रेषांनी दाखवलेला आतला पोकळ भाग राहून गेलेला असतो.